हिची एक वाढवून द्या

"हात पुढं कर."

केले पुढं. दोन्ही.

डॉक्टरनं माह्या हाताकडं उलीसंच, ओझरतं पाह्यलं. मंग बेंचकडं पाह्यलं. यवतमाळातल्या त्याच्या केबिनमधी एक बेंच आहे. पुढच्या नंबरचे चार-पाच पेशंट कंपाउंडर आतच आणून बसवते, साहेबाचा टाइम वाया जाऊ नये म्हणून. एकानं आपलं दुखणं सांगायचं आन बाकीच्याईनं ऐकायचं. माना खाली घालून बसतेत सारे, पण कान काही खाली घालता येत नाहीत.

"पाहा, कशी थरथरते," तो बेंचले म्हणाला. "आणि ही म्हणे कंडक्टर आहे."

बेंचवरचा एक बाप्या हसला. मंग बाकीच्याईनं बी उलीसं उलीसं हसून घेतलं. साहेब हसून राह्यला त आपण कसं नाही हसायचं? माही याडी, म्हणजे माय, माह्या बाजूले हात जोडून उभी होती. तिले बस म्हणायची त्या केबिनात रीत नाही.

"बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी," डॉक्टर बेंचले समजावून सांगू लागला, जसं काही माही फी बेंचवाल्याईनंच भरली होती. "या मुली अशाच असतात. आजार कमी, नाटक जास्त."

केबिन आन मेडिकलच्या मधात एक खिडकी आहे. त्यानं तिच्यातून कंपाउंडरले आवाज दिला.

"हिची एक वाढवून द्या. थरथरीची."

आजार कमी आन नाटक जास्त. अरे बापा, मंग गोळ्या कोणाले देऊन राह्यला तू? नाटकाले? पण हे म्या तेव्हा म्हटलं नाही. तेव्हा माही जीभच तोंडात मावत नव्हती. आता मावते, म्हणून आता सांगून राह्यली.

मी दिग्रसकडच्या एका तांड्यावरची. आमचे पणजे बैलाच्या पाठीवर मीठ लादून मुलूख फिरले. बाप वावरात कापूस-तूर करते. त्या घरातून खाकी घालणारी मी पहिली. सरकारी लाल गाडीवर कंडक्टर लागली तवा बाप साऱ्या तांड्याले सांगत फिरला, "फिरणं आमच्या रक्तातच आहे, आता फक्त बैल डिझल पेते." पेढे वाटले त्यानं. मले त्या खाकीचा लय हरिक होता. गाडीत माह्या आवाजाचा धाक होता. फुकट्याईले म्या चालत्या गाडीतून नाही उतरवलं, पण उतरवलं.

आता आजाराचं. मले काहीच नव्हतं असं मी म्हणणार नाही. होतं. आहे. कोणी फोन उचलला नाही का मले वाटे, गेला, सोडलं यानं मले. मंग तो फोन मी पुन्हा लावू, पुन्हा लावू, हात दुखेपर्यंत लावू. उचलला का शिव्या देऊ. शिव्या दिल्या का पाया पडू. सकाळी जो माणूस देव, तो संध्याकाळी राक्षस. मधातलं काही मले दिसतच नव्हतं. ज्याच्याशी सोयरीक जमली होती त्यानं मोडली, तवा म्या माह्याच हातावर चरे ओढले. कायले ओढले ते मले तवा सांगता येत नव्हतं. आतली आग बाहेर काढायले जागा पाहिजे होती, एवढंच कळे.

बाप घाबरला. यवतमाळचा हा डॉक्टर मोठा, असं कोणीतरी सांगतलं. मोठा होताच. बाहेर पाटी मोठी, गाडी मोठी, गर्दी मोठी. त्यानं मले पहिल्या खेपेले काय इचारलं सांगू? "लग्न झालंय?" नाही म्हटलं. "सोयरीक मोडली?" हो म्हटलं. "हं," म्हणाला. त्या "हं"मधी त्याले साराच आजार कळला. दोन गोळ्या लिहिल्या. एक मनाची, एक रागाची. माह्या मनाले आन माह्या रागाले त्यानं असं येगयेगळं करून टाकलं, जशी दोन घरची दोन पोट्टी.

पुढं मले चार दिवस त्याच्याच दवाखान्यात ठेवलं. आन तिथं ते झालं, ज्याच्यावर मी आजबी हसते, आन हसता हसता दात खाते.

तांड्यावरून माह्या दोघी मावश्या आल्या भेटायले. फेटिया-कांचळी, म्हणजे आमचा घागरा-चोळी घातलेल्या, हातभर बांगड्या. आता आमच्या लोकाईची एक रीत आहे. दुःखाची भेट असली, नाहीतर लय दिवसानं भेट असली, का आमच्या बाया एकमेकीच्या गळ्यात पडतेत आन सुरात रडतेत. मोठ्यानं. त्याले चाल असते, शब्द असतेत. काय झालं, कसं झालं, तू लहानपणी कशी होती, देवानं काय केलं, सारं त्या रडण्यात सांगतेत. लग्नात नवरी असं रडते त्याले आम्ही ढावलो म्हणतो. नवरी एकेकीच्या गळ्यात पडते, ढावलो गाते, आन समोरचीनं बी रडून जवाब द्यावा लागते. नाही रडली त लोकं म्हणतेत, हिच्या काळजात गोटा आहे.

तर मावशी आली, माह्या गळ्यात पडली आन सूर लावला. "छोरी, तोन कांई वेगो?" पोरी, तुले काय झालं? मी बी जवाबात रडली. याडी रडली. दुसरी मावशी रडली. मले किती मोकळं वाटून राह्यलं होतं! सोयरीक मोडल्यापासून मी पहिल्यांदा कोणाच्या तरी गळ्यात पडून रडून राह्यली होती. अर्धा तास तसं रडू दिलं असतं त निम्म्या गोळ्या वाचल्या असत्या.

नर्स पळत आली. मंग डॉक्टर आला. त्यानं चार बाया गळ्यात गळे घालून मोठ्यानं रडताना पाह्यल्या आन त्याचं डोस्कं चाललं ते एकाच रस्त्यानं.

"हा अटॅक आहे. बाकीच्यांना बाहेर काढा."

याडी म्हणाली, "साहेब, आमची रीत आहे."

"तुमची रीत तांड्यावर," तो म्हणाला. "धरा तिला."

दोघा वॉर्डबॉयनं धरलं. दंडात इंजेक्शन दिलं. मावशीचा सूर दाराबाहेर तुटला. मले एवढंच आठवते का मी "बोलू द्या" असं म्हणून राह्यली होती आन माह्या तोंडातून शब्दाऐवजी लाळ येऊन राह्यली होती.

सुटी देताना आणखी दोन गोळ्या. एक रडण्याची, एक झोपेची. रडण्याची गोळी! माह्या जातीचं रडणं त्यानं आजारात धरलं आन त्याच्यावर गोळी मारली. डॉक्टरकी शिकायले त्याचे इतके वर्ष गेले, पण आपल्याच जिल्ह्यातली बाई कशी रडते हे काही त्याले कोणी शिकवलं नाही. आन त्याले बी इचारावं वाटलं नाही. इचारायले मान खाली करावी लागते, ती त्याची वळत नाही.

मंग सुरू झालं. गोळीनं काही झालं का त्याच्यावर गोळी. आंग सुजलं, खाकीचे काजे-बटनं जमेनात. गोळी. दिवसभर पेंग. सकाळची गोळी. जीभ जड, तोंड कोरडं. "पाणी पी." एक राग आला, भांडण झालं, वाढव. नाही आला, तरी वाढव, म्हणजे येणार नाही. जवा जावा तवा तोच आवाज, खिडकीतून, हिची एक वाढवून द्या. "हिची एक कमी करा" हे वाक्य म्या त्या केबिनात कोणासाठीच ऐकलं नाही. चढायचंच होतं तिथं, उतरायले जिना नव्हता.

मंग माही पाळी थांबली. आन एक दिवस, भर गाडीत, माह्या खाकी शर्टावर दोन ओले डाग उमटले. मले कळेना काय झालं. पाण्याची बाटली सांडली का म्हणून पाह्यलं. बाटली बंद. दूध होतं ते. माहं. बिनलग्नाच्या पोरीच्या छातीतून दूध. गाडीत दिग्रसचा बाजार भरलेला. लोकं टुकुटुकु पाहून राह्यले. एक म्हातारी हळूच म्हणाली, "लेकरू घरी ठेवून आली का वं?" म्या तिकिटाची मशीन छातीशी धरली आन यवतमाळपर्यंत तशीच धरून उभी राह्यली.

तांड्यावर व्हायची ती कुजबुज झाली. बापानं पंधरा दिवस माह्याकडं पाह्यलं नाही.

डॉक्टरले सांगतलं. बेंचसमोरच सांगा लागलं, दुसरी जागाच नाही. मान खाली घालून, हळू सांगतलं.

"काय? मोठ्यानं बोल."

मोठ्यानं बोलली.

"होतं कधीकधी," तो म्हणाला. "हिची एक वाढवून द्या. दुधाची."

बेंचवर तवा एक पोरगी बसली होती, कॉलेजातली असन. तिनं आपली ओढणी छातीवर आणखी ओढून घेतली.

मंग माह्या धाकट्या बहिणीचं लग्न आलं. मांडवात नवरी माह्या गळ्यात पडली. ढावलो सुरू केला तिनं. लहानपणी मी तिले पाठीवर घेऊन वावरात नेत होती ते गायलं. माहं आजारपण गायलं. मांडवातल्या साऱ्या बायाईचे डोळे भरले. माहे कोरडे. मले सारं समजून राह्यलं होतं. ही माही बहीण, ही चालली, आता मी रडायले पाहिजे. डोळे दाबले. ओठ चावला. काही नाही. जसं पोहऱ्यानं कोरडी विहीर ठोकावी. बहीण रडता रडता थांबली. मान मागं घेतली, माह्या तोंडाकडं पाह्यलं.

"बाई, माह्यासाठी बी नाही?" ती म्हणाली.

ती दुसरीच्या गळ्यात पडली. मी तिथंच उभी. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळली, ती पदरानं पुसली. त्या लग्नातलं माहं एवढंच पाणी.

तरी मी गोळ्या घेत राह्यली. कायले? डॉक्टर मोठा आहे म्हणून. आम्ही लोकं डॉक्टरच्या गोळीले प्रसादासारखं हात पुढं करतो. बाप म्हणे, "साहेबाची गोळी टाळू नको, कोपन." जसा काही अंगातला देव.

आता बेलीचं सांगते. ते सांगितल्याशिवाय तुम्हाले केबिनातला हात कळायचा नाही.

आमच्या गाडीत दोरी असते, मागून पुढं ड्रायव्हरपर्यंत. कंडक्टरनं दोरी ओढली का ड्रायव्हरच्या डोक्यावर बेल वाजते. एक बेल म्हणजे थांबा. दोन बेल म्हणजे चला. सारी गाडी याच्यावर चालते. ड्रायव्हर मागं पाहत नाही, तो बेल ऐकते. माह्या गाडीवर वानखडे काका ड्रायव्हर होते. जुना माणूस. त्याईचा माह्या बेलीवर एवढा भरोसा होता का ते आरसाबी नाही पाहत.

आर्णीच्या पुढं एका फाट्यावर म्या एक बेल मारली. गाडी थांबली. एक आजी उतरू लागली, काखेत तुरीच्या शेंगाचं गाठोडं. एक पाय पायरीवर, एक खाली. माहा हात दोरीवरच होता. आन तो थरथरला. म्या काही केलं नाही. तो आपल्या मनानं थरथरला. टण, टण.

दोन बेल. काकानं गाडी सोडली.

आजी पडली. चाकाखाली नाही आली, तिचं नशीब, का माहं. हात मोडला. शेंगा रस्त्यावर पसरल्या. लोकं बोंबलले, काकानं ब्रेक मारला. मी खाली उतरली, आजीजवळ बसली. काका आले. रागावले नाहीत.

"पोरी, तू दोन मारल्या," ते म्हणाले.

"काका, म्या नाही मारल्या," म्या म्हटलं. "हातानं मारल्या."

आजीले आम्हीच दवाखान्यात नेलं. ती मले म्हणाली, "जाऊ दे वं माय, तू मुद्दाम थोडीच केलं." तिनं चार शिव्या दिल्या असत्या त बरं झालं असतं. कोरड्या डोळ्यानं ऐकत बसली मी.

डेपोनं मले गाडीवरून उतरवलं, चौकशीच्या खिडकीत बसवलं. साहेब सरळ बोलले, तुमच्या डॉक्टरचं फिट असल्याचं सर्टिफिकेट आणा, मंगच गाडी. बरोबरच होतं त्याईचं. म्या बी असा हात असलेली बाई दोरीवर ठेवली नसती.

म्हणून मी याडीले घेऊन त्या दिवशी केबिनात गेली होती. हात थरथरते, त्यानं माणूस मरता मरता वाचलं, आन माही नोकरी जाऊन राह्यली, हे सांगायले. आन त्यानं काय केलं ते तुम्ही वाचलंच. बेंचले हात दाखवले आन एक वाढवली.

"साहेब, फिटचा कागद पाहिजे," म्या म्हटलं.

"देतो ना. पण तू गोळ्या घेत नसशील नीट. या मुली फेकून देतात." कंपाउंडरनं खिडकीतून नवी गोळी आन पाण्याचा गिलास दिला. "इथं घे, माझ्यासमोर. मग तोंड उघडून दाखव, जीभ वर करून. मग सही करतो."

म्या हात पुढं केला. डॉक्टरनं गोळी तळहातावर ठेवली. हात थरथरला. गोळी उडाली, घरंगळत बेंचखाली गेली. पायाच्या मधात. आधी हसलेला बाप्या खाली वाकला, चपलांच्या मधातून ती उचलली आन माह्यापुढं धरली.

"घे बाई, घे. साहेबाचा खोळंबा होऊन राह्यला."

गोळीले माती लागली होती, एक केस चिकटला होता.

"पुसून घे," डॉक्टर म्हणाला. "काही होत नाही. तांड्यावर काय रोज धुऊन खाता का?"

आन बेंच हसला.

आन मले राग आला. किती महिन्यानं! ज्याची गोळी मी रोज घेत होती तोच. इतक्या गोळ्याईखाली दबून, चेंदून, तरी जिता होता बेटा. ओळखीचं माणूस बाजारात अचानक भेटावं तसं वाटलं मले.

"नाही घेत," म्या म्हटलं.

"काय?"

"नाही घेत. आधी सांगा, ही कायची?"

"थरथरीची. सांगितलं ना."

"थरथर कायनं आली?"

तो म्हणाला, "साइड इफेक्ट असतो काही गोळ्यांचा."

"मंग ती काहून नाही काढत?"

"डॉक्टर तू की मी?"

"डॉक्टर तुम्ही. हात माहे."

म्या पिशवी त्याच्या टेबलावर उलटी केली. गोळ्याईचे सारे पत्ते पडले, पांढरे, चंदेरी, गुलाबी. त्याच्या काचेच्या गणपतीपर्यंत गेले. म्या एकेक पुढं सरकवला. "सांगा. कोणती कायची."

त्यानं आधी हसून पाह्यलं. मंग बेंच पाहून राह्यला म्हणून सांगू लागला. ही मनाची. ही रागाची. ही झोपेची. ही दुधाची. एका पत्त्यावर येऊन त्याचं बोट थांबलं. त्यानं पत्ता उचलला, उलटा केला, चष्मा वर करून मागचं नाव वाचलं.

"ही कोणी दिली तुला?"

"तुम्हीच."

बेंचवर आता कोणी नाही हसलं. हसायची खरी पाळी आली तवा साऱ्याईचे दात आत गेले. भैताड साले.

डॉक्टरचं तोंड लाल झालं. तो माह्याशी नाही बोलला. याडीशी बोलला. "ही अ‍ॅग्रेसिव्ह झाली आहे. आजच भरती करावी लागेल. आणि सर्टिफिकेट विसरा आता."

पाहा कसं असते. बाई रडली, अटॅक. बाई हसली, नाटक. बाई गप्प, गोळी लागू पडली. बाईनं सवाल केला, भरती करा. या माणसाजवळ माह्या हर गोष्टीचं नाव होतं, फक्त त्याच्या स्वतःच्या आळसाले नाव नव्हतं. बॉर्डरलाइन म्हटलं का त्याचं इचार करणंच संपे. मंग जो दिसन तो लक्षणाचा उंदीर गोळीनं मारायचा.

याडी घाबरली. "साहेब, पोट्टी चुकली. माफी मागते ती. कागद द्या साहेब, तिची नोकरी जाईन." तिचे हात जोडलेले, छातीशी घट्ट. माही याडी भुईतून पऱ्हाटी उपटते, तिले कोणाचं भेव नाही. पण पांढऱ्या कोटापुढं तिचे हात आपोआप जुळतेत. माहे थरथरतेत ते गोळीनं. तिचे जुळतेत ते कायनं? तिले कोणी कोणती गोळी दिली होती, किती पिढ्यापासून?

म्या तिचे हात धरले. तिनं सोडवू नाही दिले, घट्टच धरून राह्यली. माहे हात थरथरून राह्यले होते त जोरबी लागेना. बोटं एकेक करून उघडली म्या तिची. साऱ्या बेंचसमोर.

"चाल याडी," म्या म्हटलं. "हा कागद देणारा नाही. हा फक्त गोळ्या देते."

माती लागलेली गोळी म्या बाप्याच्या हातातून घेतली आन डॉक्टरच्या टेबलावर ठेवली. पुसून.

सर्टिफिकेट गेलं. ते खरंच गेलं, लोकं कथेत सांगतेत तसं मागून पळत कोणी आणून दिलं नाही.

मी मंग सरकारी दवाखान्यात गेली. मोठी लाइन, पंखा बंद, कमी वयाची डॉक्टरीणबाई घामानं भिजलेली. तिले बी टाइम नव्हता. पण तिनं दार लोटून घेतलं, बाकीच्याईले बाहेर बसवलं. आन मले इचारलं, "बेल कशी वाजवता तुम्ही? कोणत्या हातानं?" तवा म्या सारं सांगतलं. तिनं एकेक पत्ता वाचून कागदावर उतरवला. मंग म्हणाली, "या आजारावर म्हणून बनलेली गोळी नाही, ताई. एखादी गोळी काही दिवस आधाराला चालते. खरा इलाज बोलण्याचा आहे, शिकण्याचा आहे. तो लांबचा आहे." आन बजावलं, "चिडून सगळ्या एकदम बंद करायच्या नाहीत. धोका आहे. एक-एक, हळूहळू, मला विचारून."

हळूहळू म्हणजे किती हळू, ते ज्यानं भोगलं त्याले माहीत. एक कमी केली का झोप उडे, आंगाले मुंग्या येत, मन खवळे. बऱ्याचदा वाटलं, जाऊ दे, पुन्हा गिळाव्या साऱ्या आन पडून राहावं. आता एकच राह्यली आहे, आन ती कायची आहे, कधीपर्यंत आहे, हे मले माहीत आहे. बोलण्याचा इलाज आमच्याकडं रोज मिळत नाही. डॉक्टरीणबाई देते तेवढा टाइम, आन बाकीचं नागपूरवाली एक समुपदेशक बाई फोनवर शिकवते. राग आला का काय करायचं, फोन नाही उचलला का काय करायचं. शिकून राह्यली. अजून चुकते. मागच्या महिन्यात याडीवर ताट फेकलं. मंग बसली, जेवण गोळा केलं, तिले सांगतलं मले काय वाटलं होतं ते. मी काही बरी झालेली शहाणी बाई नाही. पण जी आहे ती मी आहे.

दूध थांबलं. हात थांबला. मी अजून चौकशीच्या खिडकीतच आहे, डॉक्टरीणबाईच्या कागदाची वाट पाहून राह्यली. माईकवर आवाज मात्र माहाच आहे, डेपोत घुमते.

आन तिजेच्या सणाले बहीण माहेरी आली. दारातच उभी राह्यली, मांडवातलं आठवत असन तिले. मी पुढं होऊन तिच्या गळ्यात पडली, आन सूर लागला. माहा मलेच ओळखू येईना, फाटका, खरखरीत. पण लागला. तिच्या लग्नाचं रडणं राह्यलं होतं, ते मी रडली. दोघी रडलो. सारा तांडा दारात जमला आन कोणीबी इंजेक्शन आणायले नाही पळालं.

आता हे कायले सांगून राह्यली? माह्या मावशीची लेक, सतरा-अठराची, तिनं परवा हातावर चरे ओढले. मावसा म्हणाला, यवतमाळच्या मोठ्या डॉक्टरकडं नेतो, नंबर लावला आहे. म्या सरकारी दवाखान्याचं सांगतलं त म्हणाला, "तिथं फुकटात काय भेटते?" ऐकत नाही. बापाईले मोठी पाटी लागते.

ठीक आहे. ने म्हणा.

मी बी चालली संग. त्याच बेंचवर बसणार आहे. ती हात पुढं करन तवा मी उठून तिच्या बाजूले उभी राहीन. पहिली गोळी लिहिली का इचारीन, कायची आन कधीपर्यंत? दुसरी लिहिली का इचारीन, पहिली कोणत्या दिवशी काढता? खिडकीतून "हिची एक वाढवून द्या" म्हटलं का साऱ्या बेंचले ऐकू जाईन असं म्हणीन, आधी कोणती कमी करता ते सांगा. डेपोचा माईक नसला तरी माहा आवाज त्या केबिनले पुरून उरन. जवाब नाही भेटला त पोरीचा हात धरून सरकारी दवाखान्याच्या लाइनीत नेऊन उभी करीन, पंखा बंद असला तरी.

आन तिले रडायले आलं त मी तिच्या गळ्यात पडीन आन सूर लावीन. तिथंच, त्याच्या टेबलाजवळ, पूर्ण चालीवर, शेवटच्या शब्दापर्यंत. तो म्हणन धरा तिला.

धरून पाह्य म्हणा यंदा.